आरपार दगड

मुलाखतीला आलेला पोरगा विचारतो,
मॅडम, तुमच्यावर कुणा वास्तुकारांचा प्रभाव?
वहीत त्यानं आधीच तीन रेघा मारून ठेवल्यात
नावांसाठी.

लिही. कुमठेकर सर.
औरंगाबादेत, दुसऱ्या वर्षाला,
पडद्यावर कुठल्याशा थंड देशातली भिंत दाखवत म्हणाले,
दगड खोटं बोलत नाही, बोलतो तो गिलावा.
तेव्हापासून मी गिलाव्यावर डूख धरला.
सुट्टीत गावी गेले की काळ्या दगडाला गाल लावून बसायची.
घरचे म्हणायचे, पोरीला पुण्याचं वारं लागलं.
पुणं मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

पण सरांना माहीत होता तो उभा असलेला दगड.
आमच्याकडं तो एका पहाटे
गणपती बुडवून निजलेल्या माणसांवर आला.
मी तीन वर्षांची, आजोळी, तेरणेच्या पल्याड,
म्हणून आहे.
दोन-दोन हात जाड भिंती, वर माळवद,
माळवदावर दर उन्हाळ्यात पांढरीची नवी पाटी,
गळू नये म्हणून.
गळलं नाही कधी.

दुसरं नाव मला ठाऊक नाही.
रेघ रिकामी ठेव.
कुठल्यातरी कचेरीत बसून त्यानं पट्टीनं ओढलं
आमचं नवं गाव : अ, ब, क, ड,
आणि रस्ते असे रुंद
की समोरच्या दारात हाक पोचेना.
म्हाताऱ्या उंबऱ्यात उभ्या राहून नुसता हात हलवायच्या,
बस सुटल्यावर हलवतात तसा.
त्याच्याकडून मी हाकेचं माप शिकले.
आजही आखणी करताना मोकळ्या प्लॉटवर उभी राहते
आणि मोठ्यानं कुणाचं तरी नाव घेते.
मजूर हसतात. हसू देत.

तिसरी चन्नम्मा बिराजदार.
वास्तुकार नाही, माझं पहिलं गिऱ्हाईक.
मी दगड म्हणाले.
ती काही न बोलता पत्र्याच्या खोलीत गेली
आणि आतून म्हणाली,
"बाई, तुमी शिकलेल्या हाव.
पर रातच्याला त्याच्या बुडी निजायचंय मला."
वैशाखात तो पत्रा तव्यासारखा तापायचा.
भाजलेलं माणूस उठून बसतंय की, म्हणाली.
नकाशा मी गुंडाळला, कपाटावर टाकला.
पावसाळा गेला त्यात.

मग खाजामियाँ मिस्त्री भेटले, उदगीरचे.
ओळंब्याची दोरी दाताखाली धरून बोलायचे,
त्यामुळं अर्धं कळायचं.
जुन्या गावठाणात नेऊन त्यांनी मला
एक अर्धवट उरलेली भिंत दाखवली, चिरलेली :
बाहेरून एक भिंत, आतून एक भिंत,
मधे खडी आणि माती.
"दोनों पड़ोसी थे," म्हणाले,
"हात किसीने नहीं पकड़ा."
आणि एक लांब दगड
दोन्हीकडं डोकं निघेल असा आडवा धरून दाखवला.
ह्याला काय म्हणायचं, मी विचारलं.
"नाम क्या रहता? आरपार है बस."

चन्नम्माच्या घरात ते दर चार फुटांवर आहेत.
वर काँक्रीटचा पट्टा, छप्पर हलकं, माती नाही.
त्यांची डोकी आम्ही लपवली नाहीत.
तिनं एक एक मोजलं, हाताला चुना लागेस्तोवर.
एकावर आता दिवा असतो,
एकाला नातवाची टोपी.

तरी पहिलं वर्षभर ती अंगणातच निजली.
ती तारीख आली, गेली.
मग पौषात अशी थंडी पडली
की घोंगडं ओढत आत गेली एका रात्री.
ते श्रेय थंडीचं.

पोरगा हसतो, चौथी रेघ ओढतो, थांबतो.
उठताना माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर हात ठेवतो,
मॅडम, ह्यात कुठाय आरपार?

औशातलं हे ऑफिस भाड्याचं.
ह्याला गिलावा आहे.
खरंच, मला माहीत नाही.